चेकवर सही कुणाची?

मागच्या अंकात याच पानावर मी एक चौकट टाकली होती. दोनच प्रश्न होते: तुमच्या संस्थेत सगळ्यात कमी पैसे कुणाला मिळतात, आणि चेकवर सही कुणाची चालते? सातारा-सांगलीकडून जी पत्रं आली त्यांतली निम्म्याहून जास्त 'नाव छापू नका' अशी. एका पाकिटावर तर पाठवणाऱ्याचा पत्ताच नव्हता, शिक्का तेवढा आटपाडीचा.

नवीन वाचकांसाठी सांगते. मी साताऱ्यात एका सेवाभावी संस्थेत अठ्ठावीस वर्षं हिशेब लिहिले. आधी वहीत, मग टॅलीत. मोर्चात घोषणा देणाऱ्यांतली मी नव्हे. मोर्चाला आलेल्या टेम्पोचं भाडं व्हाउचरवर चढवणाऱ्यांतली. त्यामुळे माझी उत्तरं हिशेबनिसाची असतात. कुणाला रुक्ष वाटली तर माफ करा.

प्रश्न : ताई, मी माण तालुक्यात नऊ वर्षं एका संस्थेत प्रेरिका आहे. बचत गट, किशोरींचे वर्ग, पाण्याचा सर्व्हे, सगळं करते. बारा गावं आहेत. महिन्याला १२,००० रुपये मानधन खात्यावर येतं. गेली तीन वर्षं त्यातले ४,५०० पाच तारखेच्या आत ऑफिसात रोख परत द्यावे लागतात. त्याची देणगीची पावती मिळते. गाडी माझी, पेट्रोल माझं. मागच्या मीटिंगमध्ये मी वाढ मागितली तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "आपण नोकरी करत नाही, समाजकार्य करतो. पगार पाहिजे त्यानं एमआयडीसीत जावं." मला फार लागलं. माझं चुकलं का?
— एक प्रेरिका, दहिवडीजवळून

उत्तर : नाही चुकलं. आधी आकडे मांडू, रागवायचं नंतर बघू.

१२,००० मधून ४,५०० गेले, राहिले ७,५००. त्याला २६ दिवसांनी भागा. रोज पडला २८८ रुपये. रोजगार हमीचा आपल्या राज्यातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. बारा गावांच्या पेट्रोलचे दीड हजार धरले तर तुमचा रोज २३० वर येतो. म्हणजे ज्या बायकांना तुम्ही नमुना भरून कामाची मागणी कशी करायची ते शिकवता, त्यांचा दर तुमच्यापेक्षा जास्त आहे. (काम मिळालं तर. ते कधी मिळतं हा वेगळा विषय.)

आता 'मानधन' या शब्दाकडे येते. शब्द मुळात चांगला आहे. कीर्तनकाराला, व्याख्यानाला आलेल्या पाहुण्याला आपण पाकिटात घालून देतो, शाल-नारळाबरोबर, ते मानधन. पण जी बाई रोज हजेरीपत्रकावर सही करते, रजेचा अर्ज लिहिते आणि एसटी चुकली म्हणून जिचा अर्धा दिवस कापला जातो, तिला मिळतो तो पगार. नाव काहीही ठेवा. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांच्या खटल्यात हेच सांगितलं: त्यांना मिळणारं मानधन हे कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे आणि त्या ग्रॅच्युइटीला, म्हणजे काम सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाला, पात्र आहेत. निकाल अंगणवाडीपुरता होता, तुमच्या संस्थेला तो आपोआप लागू होत नाही. पण "मानधन आहे, पगार नाही" हे वाक्य टाकून विषय बंद करण्याची जी सोय होती, ती आता तितकी भक्कम राहिलेली नाही.

पावतीबद्दल. देणगी माणूस मनाने देतो. पाच तारखेच्या आत द्यावी लागते ती वसुली. आणि ज्या कंपनीने किंवा ट्रस्टने तुमच्या नावापुढे १२,००० मंजूर केले आहेत, तिला पाठवलेल्या खर्चाच्या दाखल्यात १२,००० च लिहिलेले असणार. हा खर्च झालेला नाही. छत्तीस महिन्यांचे एकट्या तुमचे १,६२,००० होतात. तुमच्यासारख्या किती जणी आहेत ते तुम्हाला माहीत. त्या पावतीवर '८०जी खाली करसवलतीस पात्र' असं छापलेलं असेल तर नीट बघा आणि हसून घ्या. जिला कर लागतच नाही तिला करात सवलत.

काय करायचं? एकटीने काही करू नका. पहिली जी बोलते तिचं काम काढून घेतात, हे मी तीनदा डोळ्यांनी पाहिलंय. पासबुक भरून आणा, सगळ्या पावत्यांचे फोटो काढून घरच्या माणसाच्या फोनवर ठेवा. मग पाच-सहा जणी मिळून मराठीत एक साधं पत्र लिहा: अमुक तारखेपासून आम्ही देणगी देणार नाही, आणि प्रवास खर्च वेगळा मिळावा. धमकी नको, कायद्याची कलमं नकोत. दोन प्रती करा आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका. त्यानंतरही वसुली चालू राहिली तर पैसे देणाऱ्याला आणि साताऱ्याच्या धर्मादाय कार्यालयाला, म्हणजे संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला, लिहिता येतं. पण आधी तो शिक्का.

आणि सरांच्या एमआयडीसीबद्दल. त्यांना विचारू नका, मनात ठेवा: त्यांच्या चारचाकीचा हप्ता समाजकार्यातून जातो की पगारातून?

प्रश्न : तुम्ही मागच्या वेळी आम्हा संस्थाचालकांना एका माळेत ओवलंत. सांगलीत आम्ही अकरा वर्षं कचरा वेचणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांसाठी काम करतो. चौदा जण आहेत. सर्वांत कमी पगार ९,००० आहे, तोही पहिल्या दिवसापासून असलेल्या ताईंचा, हे लिहिताना मला आनंद होत नाही. पण कंपन्या 'प्रशासकीय खर्च पाच टक्के' म्हणतात. मी स्वतः पहिली सहा वर्षं एक रुपयाही घेतला नाही. पगार आणायचे कुठून?
— एक संस्थापक, विश्रामबाग

उत्तर : पत्र सही करून पाठवलंत, आकडाही लपवला नाहीत. म्हणून तुम्हाला जरा लांब उत्तर देते.

पाच टक्क्यांचा घोळ आधी सोडवू. कंपनी कायद्याखालच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) नियमांत ही मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या कारभारावरच्या खर्चाची आहे: त्या वर्षीच्या एकूण दायित्व-खर्चाच्या पाच टक्के. आणि २०२१ च्या दुरुस्तीनुसार एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च प्रशासकीय धरायचाच नाही. तुमच्या ताई मुलांना गोळा करून वर्गात बसवतात. त्यांचा पगार हाच प्रकल्प आहे, प्रकल्पावरचा वरखर्च नव्हे. पण कंपनीचा तरुण अधिकारी पाच टक्के तुमच्या गळ्यात बांधतो आणि आपण 'पुढच्या वर्षी नाही दिलं तर' या भीतीने मान हलवतो. मीही हलवलेली आहे. पुढच्या प्रस्तावात 'मानधन' हा रकाना खोडा. 'वर्ग चालवणे: दोन शिक्षिका, वेतन' असं कामाच्या पोटात लिहा आणि नियम सोबत जोडा. काही जण ऐकतात. सगळे नाही.

परदेशी पैसा असेल तर गोष्ट आणखी आवळलेली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. तिथेही शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय धरत नाहीत, हे लक्षात ठेवा. त्याच दुरुस्तीतली दुसरी गोष्ट मला जास्त खुपते: मोठ्या संस्थेने परदेशी देणगीतला वाटा लहान संस्थेला द्यायची सोयच बंद झाली. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे गावातल्याच माणसांनी काढलेल्या ज्या छोट्या संस्था अशा वाट्यावर चालायच्या, त्यांना थेट दिल्लीतल्या स्टेट बँकेत खातं उघडून, इंग्रजीत वर्षाचे तक्ते भरून पैसा आणणं जमणारं नव्हतं. पैसा इंग्रजी लिहिणाऱ्यांकडे सरकला. कायद्यात कुठेही जात-गाव लिहिलेलं नाही, पण तो कुणाच्या अंगावर पडला ते नकाशावर दिसतं.

आता तुमच्या 'एक रुपयाही घेतला नाही'बद्दल. तुम्ही हे अभिमानाने लिहिलंय आणि त्यात खोटं काही नाही. पण सहा वर्षं घर कसं चाललं? पत्रातच आहे, इथे छापलेलं नाही: मिसेस बँकेत आहेत. चांगलं आहे. मात्र यातून एक शिरस्ता पडतो. संचालकाचं काम बिनपगारी असलं की ते काम ज्याच्या घरात दुसरा पगार किंवा बागायत आहे त्यालाच करता येतं. कचरा वेचणाऱ्या घरातली पोरगी उद्या समाजकार्याची पदवी घेऊन एमएसडब्ल्यू झाली तरी तुमच्या खुर्चीत बसू शकणार नाही. तिला पहिल्या महिन्यापासून पगार लागेल. मग आपणच म्हणतो, त्यांच्यातून नेतृत्व येत नाही. आणि मालक बिनपगारी राबतोय म्हटल्यावर खालच्यांना पगारवाढीचा 'प' उच्चारता येत नाही, हे वेगळंच. तुम्ही पगार घ्या. बाजारभावाने घ्या, ताळेबंदात उघड दाखवा, आणि सगळ्यात कमी पगाराच्या किती पट घ्यायचा ते मंडळाच्या ठरावात लिहून ठेवा. मी तिप्पट म्हणेन. तुमचे चार्टर्ड अकाउंटंट हसतील, हसू द्या.

चौदा जण आहेत, म्हणजे भविष्य निर्वाह निधीची वीस माणसांची अट तुम्हाला लागत नाही. (एकोणीसवर येऊन वर्षानुवर्षं थांबलेल्या संस्था मला ठाऊक आहेत. विसावा माणूस तिथे 'स्वयंसेवक' असतो.) पण ग्रॅच्युइटीला दहाच पुरतात. तुमच्या ताईंची अकरा वर्षं झाली. नऊ हजार गुणिले १५, भागिले २६, गुणिले ११: ५७,११५ रुपये. त्या उद्या घरी बसल्या तर हे त्यांचे आहेत. बक्षीस नव्हे, देणं. तुमच्या ताळेबंदात याची तरतूद नसणार, कारण कुठल्याच देणगीदाराने त्यासाठी पैसे दिलेले नाहीत. यापुढे महिन्याला त्यांच्यासाठी सुमारे ४३३ रुपये बाजूला टाका. एवढं कुठल्याही बजेटमध्ये बसतं. नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता आल्या, त्यात हे सूत्र बदललेलं नाही. उलट किमान वेतन आता ठरावीक उद्योगांच्या यादीपुरतं न राहता सगळ्याच रोजगारांना लावायचं आहे. नऊ हजाराचा आकडा घेऊन एकदा सांगलीच्या कामगार कार्यालयात जाऊन बसा. त्यांनी यायच्या आधी.

प्रश्न : मी नंदीवाले समाजातला. मिरजेजवळच्या वस्तीत राहतो, बीए झालोय. एक संस्था आमच्या वस्तीत बऱ्याच वर्षांपासून काम करते. त्यांच्या वार्षिक अहवालावर तीन वर्षं माझ्या आज्जीचा फोटो आहे. आज्जीला अहवाल कुणी दिला नाही, मी ऑफिसातून आणला. मंडळात नऊ जण, आमच्यातलं कुणी नाही. मी एकदा बोललो तर म्हणाले, योग्य माणूस मिळत नाही. आता अचानक मलाच म्हणतात, मंडळावर ये. घरचे म्हणतात जा, मित्र म्हणतात शोभेला ठेवतील. काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : जा. पण विचारून जा.

पहिली गोष्ट, तुमचं नाव कागदावर चढणार आहे का? लेटरहेडवर नाव छापणं आणि धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीत, नाव येणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मंडळात बदल झाला की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. तो दाखल केलाय ना, मंजूर झाला का, हे विचारायला लाजू नका. कार्यालयात अर्ज करून, फी भरून नक्कल घेता येते. वर्षानुवर्षं 'विश्वस्त' म्हणून स्टेजवर बसलेले आणि सरकारी कागदावर कुठेच नसलेले लोक मी पाहिलेत. उलटही पाहिलंय: नाव कागदावर आहे आणि माणसाला पत्ताच नाही, ठरावाच्या वहीत सह्या मात्र त्याच्या. कोऱ्या पानावर, किंवा इंग्रजीतल्या ठरावावर न वाचता, सही करायची नाही. "मराठीत लिहा, मग करतो" एवढं म्हणा. सभेचं इतिवृत्त मराठीत ठेवायला कुठलाच कायदा आडवा येत नाही, येते फक्त सवय.

दुसरं, बँकेत सही कुणाची? बहुतेक संस्थांत अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी दोघांची चालते. नवव्या सदस्याला चहा मिळतो, सही मिळत नाही. लगेच मागू नका, पण दोन वर्षांत खजिनदार व्हायचं असं मनाशी धरा. ताळेबंद वाचायला शिका. परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे जमाखर्च. दोन रविवार पुरतात, मी स्वतः शिकवीन. संपादकांकडून माझा नंबर घ्या.

तिसरं रोजच्यातलं आहे. सभा सकाळी अकराला सांगलीत असली तर तुमचा दिवस बुडणार. डॉक्टरांचा, वकिलांचा बुडत नाही, ते मधल्या वेळेत येऊन जातात. प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई संस्थेच्या घटनेत बसते का ते बघायला सांगा, बसत नसेल तर सभा रविवारी संध्याकाळी वस्तीवर घ्या म्हणा. नऊच्या नऊ जण तुमच्या समाजमंदिरात सतरंजीवर बसले की निम्मे प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारले जातात.

'योग्य माणूस मिळत नाही' याचं उत्तर आपल्याच दोन जिल्ह्यांत आहे. म्हसवडच्या बायकांनी बँकेसाठी अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो परत पाठवला होता, कारण प्रवर्तकांत अंगठेबहाद्दर बायका होत्या. बँकेसाठी पुढाकार घेतलेल्या चेतना सिन्हा खचल्या. बायका म्हणाल्या, शिकू की. महिने काढून लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, बघू कोण लवकर काढतं. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. आणि सांगलीत १९९६ साली वेश्या व्यवसायातल्या बायकांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद बांधली, ती चालवणाऱ्या त्याच. 'आमचा उद्धार करायला येणाऱ्यांपासून आम्हाला वाचवा' असं त्या उघड म्हणतात. या बायकांना कुणी योग्य म्हणून निवडलं नव्हतं.

राहिला आज्जीचा फोटो. पहिल्याच सभेत मांडा: छापायच्या आधी विचारणं आणि छापल्यावर एक प्रत घरी देणं. भांडण म्हणून नको, विषयपत्रिकेवरचा विषय म्हणून. आणि आज्जीला फोटो आवडला का, तेही एकदा विचारा. आमच्या संस्थेत एका मावशीने मला सुनावलं होतं, "छापा की, पर लुगडं चांगलं नेसल्यावर."

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक, साताऱ्यातील एका संस्थेचा विश्वस्त आहे. एका देणगीदाराने कर्मचाऱ्यांची जात व गावनिहाय माहिती मागितली आहे. आम्ही जात मानत नाही. अशी माहिती गोळा करणे म्हणजे जात नव्याने रुजवणे नव्हे काय?
— एक विश्वस्त, सातारा

उत्तर : गुरुजी, 'आम्ही जात मानत नाही' हे वाक्य मी या क्षेत्रात आल्यापासून ऐकते आहे. म्हणणाऱ्यांत शिपाई एकही नव्हता.

साधारण २००३ ची गोष्ट. मार्चअखेरीस एका रात्री मी पगारपत्रकावर पेन्सिलीने नावांपुढे खुणा केल्या, कुणी मागितलं नव्हतं तरी. तेवीस माणसं होती. तीन हजारांच्या आत पगार असलेले चौदा. त्यांतले अकरा जण महार, मांग, होलार, रामोशी घरांतले, सगळे खटाव-माण-कोरेगावच्या गावांतले आणि त्यांतल्या नऊ बायका. आठ हजारांच्या वर चौघं होते. चौघंही सातारा शहरातले, ब्राह्मण-मराठा सोडून कुणी नाही. त्या चौघांत मी होते. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर सावित्रीबाईंचा मोठा फोटो होता, तीन जानेवारीला हार घालायचो. नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, याचा आम्हाला केवढा अभिमान! ती खूण केलेली पानं मी खोडरबराने पुसली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. नेमणुका करताना 'रिपोर्ट इंग्रजीत लिहिता यावा' एवढी एकच अट होती, आणि ती अटच गाळणी होती.

कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात आणली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत. ती पंगत आपोआप बसली नव्हती, कोण कुठला हे पक्कं माहीत असलेल्या माणसाने ती बसवली होती. तुम्ही शिक्षक होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

माहिती गोळा करा, पण नीट. चिठ्ठीवर, नाव न लिहिता, द्यायची नसेल त्याला न देण्याची मुभा ठेवून. आणि देणगीदाराच्या तक्त्यात नसलेला एक रकाना तुम्ही घाला: पगार. नुसती जातनिहाय संख्या दिली तर तुमची संस्था फार सुंदर दिसेल, कारण खालच्या जागांवर सगळे असतातच.

प्रश्न : माझ्याच पदावरच्या पुरुष समन्वयकाला १८,००० आणि मला १४,०००. विचारलं तर 'त्याला घर चालवायचं असतं.' मी विधवा आहे, दोन मुली आहेत.
— कराड

उत्तर : समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ पासून आहे आणि नव्या वेतन संहितेतही आहे. घर कोण चालवतं हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. दोघांची नेमणूकपत्रं एकत्र ठेवा. कामाचं वर्णन तेच असेल तर लेखी मागा. नेमणूकपत्रच नसेल, तर आधी तेच मागा. आणि तुमच्या संस्थेत दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही असायला हवी. तुमच्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळी मी मुद्दाम छापलेल्या नाहीत, त्या त्या समितीकडे न्यायच्या आहेत. समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. उशीर करू नका, तीन महिन्यांची मुदत असते.

प्रश्न : ताई, मी एका संस्थेत अकाउंटंट आहे, पंचवीस वर्षांची. कार्यकर्त्यांकडून परत घेतलेल्या पैशांच्या देणगी पावत्या मी फाडते. सचिव सांगतात म्हणून. रात्री झोप येत नाही. नोकरी सोडू का?
— वाई तालुका

उत्तर : पोरी, तुझं पत्र मी चार वेळा वाचलं.

नोकरी लगेच सोडू नकोस, पण पावती फाडणं थांबव. सचिवांना लेखी विचार: "या देणग्या स्वेच्छेने आहेत असं देणाऱ्याचं पत्र पावतीला जोडावं का?" एवढंच विचार, ईमेलवर विचार. उत्तर बहुधा येणारच नाही, पण तू विचारलं होतंस याची तारीख राहील. पावतीवर 'करिता' म्हणून सही तुझी असते. उद्या लेखापरीक्षकाने किंवा धर्मादाय कार्यालयाने विचारलं तर सचिव म्हणतील, पावत्या त्या फाडत होत्या. हे मी भीती घालायला सांगत नाही.

मी तीन वर्षं फाडल्या. १९९८ ते २००१. तेव्हा कार्यकर्तीचा पगार कागदावर १,५०० होता, हातात नऊशे. मी रेव्हेन्यू तिकीट लावून पूर्ण रकमेची सही घ्यायची आणि मग दुसऱ्या पुस्तकातून सहाशेची पावती फाडायची. हे सगळं एकाच टेबलावर, दोन मिनिटांत. मला वाटायचं संस्था टिकली पाहिजे.

संस्थेने ते बंद केल्यानंतर दोनेक वर्षांनी खटावकडच्या एक मावशी माझ्या घरी आल्या. काम सुटलं होतं, गुडघे गेले होते. पिशवीतून त्यांनी एक प्लॅस्टिकची थैली काढली. आत त्या पावत्या होत्या, छत्तीसच्या छत्तीस, रबर लावून जपून ठेवलेल्या. मावशींना वाचता येत नव्हतं. शिक्का आहे, सही आहे, म्हणजे काहीतरी कामाचा कागद असणार म्हणून त्यांनी तो ठेवला होता. त्यांनी विचारलं, "बाई, हे रेशनकार्डाला चालत्याल का?"

सह्या सगळ्या माझ्या होत्या. मी चहा टाकला. आणि म्हणाले, "नाही मावशी, रेशनला नाही चालत हे."